कुणाचा हात

"खरं सांग. यात तुझा हात आहे की नाही?" वहिनीनं दार लोटून घेत विचारलं.

नणंद वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं वर पाहिलं नाही. "कशात, वहिनी?"

"वेड पांघरू नकोस."

वहिनी रोपांच्या प्रयोगशाळेत पर्यवेक्षक होती. तिथं काचेच्या बाटल्यांत बोटभर रोपं वाढत. प्रत्येक बाटलीवर ती हाताळणाऱ्या बाईचा नंबर असे. बाटलीत बुरशी दिसली की वहिनी नंबर वाचायची आणि एवढंच विचारायची, "हात कुणाचा?" एकवीस वर्षांत हात सापडला नाही असं क्वचितच झालं होतं.

गेल्या रविवारी लेकीनं जेवता जेवता सांगितलं, "माझं एका मुलीवर प्रेम आहे. स्थळं बघायचं आता थांबवा." नवऱ्याचा घास हातातच राहिला. वहिनीनं सोमवारपासून शोध घ्यायला सुरुवात केली. वसतिगृहात एका खोलीत राहणारी मैत्रीण? तिला जुळी झाली होती. पोहायला शिकवणाऱ्या बाई? त्या महिनाभरातच नोकरी सोडून गेल्या होत्या. एकेकीवर काट मारत ती घरापर्यंत आली. घरात ही होती.

वहिनीची रात्रपाळी असली की लेक आत्याजवळ झोपायची. केस आत्यानं कापले, सायकल आत्यानं शिकवली. आणि आत्या स्वतः? लेक पाच वर्षांची असताना ती संसार मोडून माघारी आली. मारहाण नाही, दारू नाही, सासूचा जाच नाही. कारण विचारलं की म्हणायची, "जमलं नाही." स्थळ वहिनीनंच आणलेलं, त्यामुळे तेव्हा तिला फार लागलं होतं. आज मात्र त्या दोन शब्दांकडे ती वेगळ्याच नजरेनं बघत होती.

"तूही तसलीच आहेस," वहिनी म्हणाली. "हो ना?"

नणंदेचे हात थांबले. "हो."

इतकं सहज कबूल होईल असं वहिनीला वाटलं नव्हतं. तिचा आवाज चढला. "म्हणजे तूच शिकवलंस तिला! आजपासून तिच्याशी एक शब्द बोलायचा नाहीस. आणि महिनाअखेरीला तुझं बिऱ्हाड हलव."

"मी तिला पाढेही शिकवले होते, वहिनी. तेराच्या पुढे गेली का गाडी?"

वहिनी हसली नाही. "थट्टा नकोय मला. पोरीला कुणीतरी वळण लावल्याशिवाय असं होतं का?"

नणंदेनं मोठी चादर उचलली. एक टोक नेहमीसारखं वहिनीपुढे केलं. वहिनीनंही नकळत ते धरलं.

"लग्न ठरलं, तेव्हा मी फक्त तुमच्यापाशी बोलले होते," नणंद म्हणाली. "दादाला नाही, आईला नाही. पुरुषांविषयी मला काहीच वाटत नाही, म्हणाले होते. तुम्ही माझी वेणी घालत होतात."

वहिनीला आठवत होतं.

"तुम्ही म्हणालात, वेडाबाई, सवयीनं सगळं होतं."

चादर दोघींच्या मध्ये ताणलेली राहिली.

"मी अकरा वर्षं सवय करत होते, वहिनी."