सिनेमातला वेगळा शेवट

"चंद्रा, बघ हं, आता तुझी एन्ट्री," म्हणत सुधाकरकाकांनी बायकोची हनुवटी हलकेच उचलली आणि तिचं तोंड टीव्हीकडे वळवलं.

पक्षाघातानंतर चंद्रकांताकाकूंना ना बोलता येई, ना मान वळवता. हर्षवर्धनला भरून आलं. इतकं करणारा नवरा हल्ली शोधून सापडायचा नाही.

गाजलेल्या नाटकांवरच्या विस्मृतीत गेलेल्या सिनेमांचं हर्षवर्धनला भारी वेड. नाटक सगळ्यांना पाठ असतं. सिनेमावाला त्यात कुठे बोट घालतो, ते पकडण्यात खरी गंमत. हा सिनेमा तर कुठे लागलाच नव्हता. एकुलती एक कॅसेट सांडोरच्या या घरात होती. तिच्या कॉपीसाठी त्याने वर्षभर काकांचा उंबरठा झिजवला होता. विरारच्या आपल्या सिनेमावेड्या मंडळींना हा सिनेमा दाखवायचाच, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

"रोज लावता, काका?"

"रोज. दिवाबत्ती झाली की. एक दिवस चुकवत नाही."

पडद्यावर तरुण काकू नायकाकडे अशा बघत होत्या, की हर्षवर्धनलाच संकोचल्यासारखं झालं.

"हे नरहरी ना? पुढे कुठल्याच सिनेमात दिसले नाहीत."

"नाही दिसला. देखणा होता मात्र. हा सिनेमा आटोपला आणि वर्षभरात आमचं लग्न झालं."

शेवट भुईगावच्या समुद्रातला. नायक लाटांत हातपाय मारतो, ओरडतो, खाली जातो. मग नुसतं पाणी दिसत राहतं. काकूंच्या गालांवरून आसवं ओघळली. काकांनी ती त्यांच्याच पदराने टिपली आणि काकूंनी डोळे मिटू नयेत म्हणून गाल थोपटला. "झालंच, झालंच."

"काय काम केलंय," हर्षवर्धन म्हणाला. "नाटकात तो पोहत परत येतो, दोघांचं लग्न लागतं. इथे चक्क बुडवलाय. मानलं बुवा."

"कॉपी करून घे," काका म्हणाले. "अट एकच. दाखवशील तेव्हा हिला पहिल्या रांगेत बसवायचं."

हर्षवर्धन त्यांच्या पाया पडला. "बसवतो की. पण शेवट बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं?"

"कुणाच्याच नाही. आम्ही नाटकातलाच शेवट घेत होतो. तो किनाऱ्याला लागणार होता." काकांनी कॅसेट काढून त्याच्या हातात दिली. "कॅमेरा घेऊन होडीत मी एकटाच होतो. तो सारखा माझ्या नावाने हाका मारत होता. मी कॅमेरा बंद केला नाही."