तयार करून जा

परदेशातल्या इस्पितळाचं बोलावणं आलं, तेव्हा मेट्रन सिस्टरला म्हणाल्या, "जा की, मी कशाला अडवू? फक्त आयसीयू सांभाळेल अशी एक मुलगी तयार करून जा." सिस्टरने जीव ओतून मुलगी तयार केली. वर्षभरात तीच परदेशी गेली. दुसरी केली, तीही उडाली. तिसरी निघताना गळ्यात पडून रडली तेवढी. "तुझा हातगुणच तसा," म्हणत मेट्रननी चौथी समोर उभी केली.

शेवटी सिस्टरने गुपचूप नवा अर्ज केला. मुलाखतीला पडद्यावर तिनेच तयार केलेली पहिली मुलगी साहेबीण होऊन बसलेली.

"अय्या ताई, तुम्ही?" ती हरखली. मग चाचरत म्हणाली, "पण तुम्हीच इकडे आलात, तर आम्हाला मुली कोण तयार करून देणार हो?"