बाईंची पसंती

बाई दारात दिसल्या आणि नलिनीच्या हातातला लाकडी घोडा खाली पडला. डावा कान मोडला.

"काका, आल्या!" ती अण्णांच्या कानाशी पुटपुटली.

जाड भिंगांचा चष्मा, काखेत पिशवी, चेहऱ्यावर करडेपणा. लेखिका अशीच असणार. उत्तराबाई रेग्यांनी पत्रात बजावलंच होतं, 'महिनाभरात न कळवता येईन. खेळणी माझ्या पुस्तकातली वाटली, तरच सिनेमाला परवानगी.' त्या परवानगीच्या भरवशावर अण्णांनी पंचावन्न साली नोकरी सोडून अंधेरीला ही पत्र्याची शेड घेतली होती. नकार आला तर सगळीच वाट लागणार होती.

"बसा बाई. धाकू, चहा ठेव."

आल्या माणसाला आधी चहा, काम विचारायचं नाही, ही अण्णांच्या घरची रीत.

टेबलावर 'फडताळातलं गाव' पडलं होतं. बाजारात मिळेनासं झालेलं, कुणाकडून तरी मागून आणलेलं, वर खाकी कव्हर. बाईंनी चार पानं उलटली. सगळीकडे पेन्सिलीच्या खुणा.

"पुस्तकाची ही दशा!"

"सारखं वाचतो ना," अण्णा ओशाळले.

बाई आणखी काही बोलणार, तेवढ्यात त्यांना घोडा दिसला. "हा कान चिकटवू नका हं. पुस्तकात मोडकाच आहे. डोळे मात्र घाबरट हवेत."

धाकू सावंतवाडीचा सुतार, खेळणी त्याने घडवलेली. चांगला घोडा मुद्दाम मोडायला तो इतके दिवस तयार नव्हता. त्याने निमूट ब्रश घेतला. "असे काय, बाईनू?"

"अस्से!"

मग बाई रोज चारला येऊ लागल्या. सिनेमात खेळणं आपोआप चालताना दिसावं म्हणून ते तीळभर हलवायचं, फोटो काढायचा, पुन्हा तीळभर हलवायचं. दिवसभर राबल्यावर घोडा चार पावलं चाले आणि बाई टाळ्या वाजवत. त्यांच्या सांगण्यावरून बाहुलीचं नाक बदललं, भोवऱ्याची मिजास वाढली. निघताना त्यांचा हात पुस्तकाकडे जाई, आणि अण्णा घाईने विचारत, "माकडाचं काय?" की बाई परत खुर्चीत.

दारात आळीतल्या बायकाही बघायला जमत. गुरुवारी त्यांच्यात उभी राहून एक किडकिडीत म्हातारी घोड्याची चाल बघून डोळ्यांत पाणी येईतो हसली. धाकूने रीतीप्रमाणे तिलाही चहा दिला. कप विसळून ठेवून ती गेली.

महिना संपत आला तरी परवानगीचं नाव नाही.

"काका, विचारा ना एकदाचं!"

"अगं, थोरामोठ्यांना घाई करू नये."

शनिवारी बाईंचा चहा चालू असतानाच पोस्टमन आला. पत्र वाचून अण्णांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. नलिनीने ते ओढून घेतलं आणि मोठ्याने वाचलं.

'गुरुवारी येऊन गेले. तुम्ही कामात दंग, म्हणून बोलले नाही. चहा छान होता. घोडा माझाच, मोडक्या कानासकट! परवानगी आनंदाने दिली. खुर्चीतून तुम्हाला दटावणाऱ्या बाईंना माझं पुस्तक माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. त्यांना नमस्कार. उत्तरा रेगे.'

"जिंकलो मरे!" धाकू ओरडला. नलिनीने घोड्याचा मुकाच घेतला. मग तिघांनीही हळूच खुर्चीकडे पाहिलं.

"बाई," अण्णांनी हात जोडले, "मग आपण कोण?"

बाईंनी बशीतला शेवटचा घोट घेतला, खाकी कव्हर काढलं आणि आतला शिक्का त्यांच्यापुढे धरला.

"मी वाचनालयातली. दर रविवारी मुलांना हे वाचून दाखवते. परत न्यायला आलेय, महिना झाला."