बोडीकडची वाट

"माह्या धानाच्या बांधीतून नाला? जमणार नाही, वहिनी," नथ्थूभाऊ पुन्हा म्हणाले.

गावतलाव आणि सडकेपलीकडचं लहान तळं, म्हणजे बोडी, यांना जोडणारा नाला बुजवून त्यांनी तिथं बांधी पाडून धान लावलं होतं. तेव्हापासून तलावातली कासवं बोडीकडं सडकेवरूनच निघत आणि चाकाखाली सापडत. आता मोजकीच उरली होती. मासेमारी करणाऱ्या कुंताबाईनं ढिवरवस्तीतल्या बायका जमवून सडकेखाली मोरी बांधून घेतली होती. अडलं होतं ते एवढ्या एका बांधीपाशी.

वाद न घालता कुंताबाईनं डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं. आत थाळीएवढी कासवी होती.

"गेल्या साली चाकाचा फटका बसला हिला. तरी आज पुन्हा सडकेवरच सापडली."

नथ्थूभाऊंनी कवचावरची भरून आलेली चीर बोटानं चाचपली. मग चपला काढून बांधीत उतरले.

"किती रुंद पाहिजे?"

"चार हात."

"सहा घ्या. उद्या मीही कुदळ घेऊन येतो."

भर पावसाळ्यात नाला वाहू लागला. मोरीतून एकामागून एक तीन कासवं पोहत पलीकडं निघाली, तेव्हा सडकेवर उभे राहून नथ्थूभाऊच ओरडले, "वहिनी, लवकर या! आपली मंडळी चालली!"