एकादशीचं मौन

“घरात बाई कोंडून ठेवल्याची तक्रार आलीय,” नेत्रानं दारातच ओळखपत्र दाखवलं. तक्रार शेजाऱ्याची होती. बाईचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. भेटीची वेळ ऑफिसनं घरच्यांना आधीच रीतसर कळवली होती.

घरमालक मोरेश्वर हसले. “या ना, आत या. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही.”

हॉलमध्ये देव्हारा, पेटी, टाळ. सोफ्याच्या कडेवर पैठणी नेसलेली एक बाई अवघडून बसली होती. पलीकडे किचनच्या सिंकपाशी एप्रन बांधलेली दुसरी भांडी विसळत होती.

“ही माझी मिसेस. आज एकादशी, हिचं मौन असतं. आणि त्या मदतीला.”

नेत्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथे परदेशात सोशल वर्करच्या नोकरीत तिनं असली मराठी घरं पुष्कळ पाहिली होती. “कीर्तनात देव गरिबाघरी राबला म्हणून डोळे पुसायचे, आणि घरी गरिबालाच राबवायचं! मौन बरं सोयीचं पडतं, काकू!”

पैठणीवालीचे डोळे भरून आले.

“मला या मावशींशी एकटीनं बोलायचंय. नियम आहे. तुम्ही दोघं बाहेर थांबा.”

मोरेश्वरांनी पैठणीवालीचा दंड धरला. जाता जाता तिनं नेत्राची बाही पकडली. नेत्रानं ती झटकून सोडवली. “आता गयावया नको.”

दार लागलं.

“मावशी, घाबरू नका. फक्त हो म्हणा, आत्ता माझ्या गाडीतून निघू. पासपोर्ट कुणाकडे आहे?”

“माझ्याच कपाटात. आणू?”

“राहू द्या, विश्वास आहे. बाहेर जाऊ देतात?”

“मनात आलं की जाते.”

“कुणी मारतं?”

“माझ्या अंगाला हात लावायची कुणाची बिशाद आहे, बाई!”

नेत्रानं तेच तेच फिरवून विचारलं. उत्तरं खणखणीत होती. शेवटी चरफडत तिनं फॉर्मवर ‘तक्रारीत तथ्य आढळलं नाही’ असं लिहिलं.

बाहेर पायरीवर पैठणीवाली पुन्हा पुढे सरकली. “देवाला तरी भ्या,” तिच्याकडे न बघता नेत्रा म्हणाली, आणि गाडीत बसली.

गाडी वळणाआड गेली. आतलीनं एप्रन सोडून टेबलावर फेकला, दार उघडलं आणि पैठणीवालीपुढे हात पसरला.

“अहिल्ये, आधी माझं मंगळसूत्र काढून दे. मग भांड्यांना लाग.”