गुणाजीचं फडकं

तलाठी कार्यालयातल्या कॉम्प्युटरला दहा मिनिटं कुणी हात लावला नाही, की तो आपोआप गावातल्या एखाद्या आजाऱ्यासाठी औषध शोधायला लागे. या महिन्यात पडद्यावर नाव होतं हिराबाईचं. तिचे हात सारखे थरथरत. तिचा नवरा गुणाजी तिथलाच शिपाई. आपल्या बायकोसाठी हा एवढा राबतोय, म्हणून गुणाजी त्याला घडीघडीला फडक्याने लख्ख पुसून काढायचा, अगदी माऊससुद्धा.

"तरीच काम पुढे सरकत नाही," एके दिवशी तलाठी रेहाना मॅडम म्हणाल्या. "मामा, तुम्ही पुसलंत की त्याला वाटतं, कुणीतरी कामाला बसलं. मग तो शोधायचं थांबवतो."

"म्हणजे मीच आडवा येत होतो?"

"तुम्हीच. आता हात खिशात घाला."

गुणाजी तीन दिवस हात खिशात घालून बसला. मॅडमनीही सातबारे शेजारच्या मशीनवर काढले. चौथ्या दिवशी दुपारी पडद्यावर हिरवी ओळ उमटली. औषध सापडलं होतं. गुणाजीने लगेच घरी फोन लावला.

हिराबाईने सगळं नीट ऐकून घेतलं.

"मग येताना रवा आणा," ती म्हणाली. "नातीच्या लग्नाचे तांदळाएवढे गव्हले मीच वळणार."