काचेवरचा अंगठा

विमान पडलं तेव्हा त्याला कुणी हातही लावलेला नव्हता. मुलाच्या, नायजेलच्या, खोलीत छताच्या आकड्याला ते मासे धरायच्या दोरीनं टांगलेलं होतं, आणि इतक्या वर्षांच्या उन्हानं दोरी विरून आपसूक तुटली. एनिडनं वरचा आवाज ऐकला, जिना चढून गेली, तुकडे एप्रनमध्ये गोळा केले आणि थेट मागच्या बागेतल्या लाकडी खोलीशी आली. रिटायर झाल्यापासून तिच्या नवऱ्याचा, क्लिफर्डचा, मुक्काम तिथंच असायचा.

"नुसतं चिकटव," ती दारातूनच म्हणाली. आत ती कधी येत नसे. "होतं तसं. बाकी काही करू नकोस."

"अगं, मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. सांगतेय."

चार इंजिनांच्या लँकेस्टरचं मॉडेल होतं ते, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानाचं. इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या त्या गावाबाहेरच्या धावपट्टीवरून खरीखुरी लँकेस्टर उडायची, त्यामुळे एके काळी घरटी एक तरी प्लास्टिकचं छताला लटकलेलं असे. हे नायजेलनं शाळेत असताना स्वयंपाकघराच्या टेबलावर जोडलेलं. पुढं बर्फावरून मोटरसायकल घसरली आणि विशी गाठायच्या आतच पोरगा गेला.

एक पंख मुळापासून निखळला होता, शेपूट दुभंगली होती. क्लिफर्डचा या कामात हात बसलेला. तुटलेल्या कडा जुळवून घट्ट धरायच्या आणि पातळ गोंदाचा ब्रश सांध्याला नुसता टेकवायचा. गोंद आपला आपण आत धावतो. हा गोंद चिकटवत नाही, प्लास्टिकच वितळवून एकजीव करतो. दुपारच्या चहापर्यंत विमान अखंड झालं. तो तिथंच थांबला असता तर ही गोष्ट सांगायचं कारणच नव्हतं.

पण शेजारचा बर्नार्ड डोकावला. दोघंही गावातल्या मॉडेल क्लबाचे जुने सभासद. वार्षिक प्रदर्शनात क्लिफर्ड परीक्षक असायचा. हातात छोटी बॅटरी घेऊन टेबलाटेबलावरून फिरायचा, आणि ती बॅटरी जवळ आली की भल्याभल्यांची गाळण उडायची. बर्नार्डनं तीच उचलली नि लँकेस्टरवर मारली. वैमानिकाच्या डोक्यावरच्या प्लास्टिकच्या काचेत, ऐन मधोमध, एक अंगठा उमटलेला होता. गोंद लागलेल्या बोटानं दाबलेला. रेषान् रेष वितळून आत बसलेली.

"वा, परीक्षकसाहेब," बर्नार्ड म्हणाला. "दिव्याखाली अंधार. दुसऱ्याच्या विमानावर अंगठा दिसला की सरळ बाद करता."

"पोरानं केलंय ते."

"गंमत केली रे तुझी."

बर्नार्ड बशीतलं बिस्किट उचलून गेला, पण क्लिफर्डची नजर त्या काचेवरून हटेना. नायजेललाही त्यानं तेव्हा हेच ऐकवलं होतं: हात पुसत जा, सगळ्याची वाट लावलीस. पोरगा रडला नव्हता. फक्त पुढचं विमान त्यानं जोडायला घेतलं नाही. हे क्लिफर्डला आता आठवलं. तेव्हा ओरडायच्या ऐवजी डाग कसा काढायचा ते दाखवलं असतं तर?

जित्याची खोड म्हणतात ती अशी. त्यानं बारीक पॉलिशपेपर ओला करून काचेवर फिरवायला घेतला. मग त्याहून बारीक. शेवटी जुन्या बनियनच्या चिंधीवर टूथपेस्ट. अंगठ्याच्या रेषा पांढऱ्या धुक्यात बुडाल्या, मग धुकंही गेलं, आणि काच नसल्यासारखी लख्ख झाली. पोरानं आत बसवलेला वैमानिक दिसू लागला, खुर्चीत जरासा वाकडा. क्लिफर्डला फार बरं वाटलं. पोराशेजारी बसून काम केल्यासारखं.

विमान दोन्ही तळव्यांवर घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. एनिड बटाटे सोलत होती. तिनं हात धुतले, पुसले आणि विमान घेतलं. सांध्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. सवयीनं अंगठा काचेवर टेकवला. तो घसरला. तिनं पुन्हा टेकवला.

"डाग होता तिथं," क्लिफर्ड म्हणाला. "काढून टाकला. बघ, आतला वैमानिकसुद्धा दिसतोय."

एनिडनं विमान खिडकीच्या उजेडात धरलं.

"धूळ पुसताना मी तिथं अंगठा ठेवायची," ती म्हणाली. "त्याचा इवलासा होता. हाताला लागायचा."

"तू कधी बोलली नाहीस, एनिड."

"नुसतं चिकटव म्हणाले होते."

"नवी दोरी आहे माझ्याकडे. लगेच टांगतो वर."

"वर नको."

ती विमान घेऊन बैठकीच्या खोलीत गेली. तिथल्या काचेच्या कपाटात क्लिफर्डची बक्षिसं मिळवलेली विमानं रांगेनं उभी होती. एकावरही कुठं बोट लागल्याची खूण नाही. दोन विमानं सरकवून तिनं मधे जागा केली, लँकेस्टर ठेवलं आणि दार लावलं.

"हे आता तुझ्या विमानांतलं झालं," ती म्हणाली.

कपाटाच्या काचेवर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते. ते तिनं एप्रनच्या टोकानं पुसून टाकले.